एका रात्रीची सुटका, वर्षभराचा खर्च

सकाळी भरती व्हा, भुलीखाली झोपा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्यसनमुक्त होऊन घरी जा. गर्द, अफू किंवा गुंगीच्या गोळ्यांत अडकलेल्या माणसाच्या घरी मोबाइलवरून पोचणारी जाहिरात साधारण अशी असते. ती वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरच्या एखाद्या घरात पोचली की पहिला प्रश्न येतो, ‘किती लागतील?’ दुसरा प्रश्न येतच नाही. पतपेढीतून उचल, सोनं गहाण, कापसाचा हातात आलेला पैसा अशी जुळवाजुळव सुरू होते. घरातल्या बाईने ‘पोराले एकदाचं मोकळं करून आणा’ म्हटलं की त्यावर कोण काय बोलणार?

ही जुळवाजुळव करण्याआधी वाचावा म्हणून हा हिशेब. माझं मत आधीच सांगतो: भूल देऊन करायच्या झटपट डिटॉक्सवर पैसा घालू नये. तेवढा किंवा त्याहून कमी पैसा वर्षभर नीट पुरवून खर्च केला तर माणूस सुटण्याची शक्यता जास्त असते.

आधी आपलं व्यसन कोणतं ते पाहा. हा प्रकार फक्त अफूच्या कुळातल्या पदार्थांसाठी आहे. त्यात अफू आणि डोडा आले, हेरॉइन म्हणजे गर्द किंवा ब्राऊन शुगर आली, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या गोळ्या, पेंटाझोसिनचं इंजेक्शन हेही आलं. एमडी पावडर या कुळातली नाही, गांजा नाही, दारूही नाही. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, तरी व्यसनमुक्तीचा शोध घेणाऱ्या इथल्या बहुतेक घरांत प्रश्न दारूचाच असतो. त्यांच्या उपयोगाची एकच गोष्ट इथे सांगून ठेवतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नका. त्यात फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो आणि दगावूही शकतो. त्याला डॉक्टरच्या देखरेखीचीच गरज असते. अफूवर्गातल्या पदार्थांचं उलट आहे. ते बंद झाल्यावर त्रास भयंकर होतो, पण धडधाकट माणूस त्या त्रासाने सहसा मरत नाही. महागड्या जाहिरातीचं सगळं दुकान या ‘भयंकर’वर चालतं.

व्यसनी मुलं या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. गर्दचा शेवटचा झुरका घेतल्यावर आठ-बारा तासांत ती सुरू होते. आधी जांभया येतात, नाक-डोळे वाहू लागतात. मग अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, हाडं पिळल्यासारखी दुखणं, झोप उडणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं टिपेला पोचतं आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरतं. झोप मात्र त्यानंतरही बरेच दिवस नीट लागत नाही.

झटपट डिटॉक्समध्ये हा काळ भुलीखाली काढायचा बेत असतो. रुग्णाला पूर्ण भूल देतात, बहुधा श्वासाची नळी घालतात, आणि मेंदूतल्या ज्या जागांवर अफू जाऊन बसते तिथून तिला हुसकावणारं औषध शिरेतून किंवा पोटात घातलेल्या नळीतून देतात. हे औषध नॅलोक्सोन किंवा नाल्ट्रेक्सोन असतं. एरवी दिवसांत उलगडणारी टर्की मग काही तासांत अंगावर येते, पण माणूस झोपेत असतो. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये या पद्धतीची पहिली नोंद प्रसिद्ध केली आणि नव्वदीच्या दशकात ती युरोप-अमेरिकेतल्या खासगी दवाखान्यांत फोफावली. तिथे एका रुग्णामागे दहा-पंधरा हजार डॉलरपर्यंत बिलं लावली जात.

हिचं मोजमाप नीट झालं ते २००५ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या अभ्यासात. हेरॉइनच्या १०६ रुग्णांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला भूल, दुसऱ्याला जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, तिसऱ्याला क्लोनिडिन हे औषध. पुढे तिघांनाही नाल्ट्रेक्सोन आणि समुपदेशन द्यायचं होतं. भुलीतून उठलेल्यांना त्रास काही कमी झाला नव्हता, तो इतरांइतकाच निघाला. बारा आठवडे उपचारात टिकलेले भुलीच्या गटात शंभरातले वीस होते, ब्युप्रेनॉर्फिनच्या गटात चोवीस, क्लोनिडिनच्या गटात नऊ. जिवावर बेतण्यासारखे तीन प्रसंग घडले आणि तिन्ही भुलीच्या गटातच घडले. म्हणजे साध्या गोळीने जे साधतं तेवढंच भुलीने साधलं, वर धोका विकत घेतला. न्यूयॉर्कमधल्याच एका दवाखान्यात २०१२ च्या जानेवारी ते सप्टेंबरात ७५ जणांवर हा प्रयोग झाला. त्यांतले दोघे मरण पावले आणि पाच जणांना गंभीर अवस्थेत रुग्णालयात हलवावं लागलं. अमेरिकेतल्या व्यसनोपचार डॉक्टरांची संघटना आणि ब्रिटनची मार्गदर्शक सूत्रं या पद्धतीच्या विरोधात आहेत ती यामुळेच.

तरीही कोणी पॅकेज सांगितलं तर

एकरकमी आकड्यावर बोलू नका, त्याचे तुकडे मागा. आत काय असायला हवं ते ऐका: भरतीआधीच्या तपासण्या (रक्त, यकृत, मूत्रपिंड, ईसीजी, गरजेनुसार टू-डी इको, छातीचा एक्स-रे), भूलतज्ज्ञाची फी, आयसीयूची खाट, व्हेंटिलेटर, औषधं, मनोविकारतज्ज्ञाची फी, नंतरचे एक-दोन दिवस वॉर्ड. यातलं काही नसेल तर पॅकेज स्वस्त आहे असं समजू नका. ती गोष्ट वगळलेली आहे. सगळ्यात जास्त वगळलं जातं ते आयसीयू. साध्या खोलीत, एका नर्सच्या भरवशावर पूर्ण भूल देणारा दवाखाना दिसला तर तिथून उठून यायचं, भाव करत बसायचं नाही.

भूलतज्ज्ञाबद्दल थेट विचारा: साहेब रात्रभर थांबतात की भूल देऊन निघून जातात? रुग्ण उठल्यावरचे चोवीस तासही धोक्याचेच असतात. उलट्यांमुळे फुप्फुसात पाणी जाणं, हृदयाचे ठोके बिघडणं हे त्याच वेळात घडतं. आणि तिसरा प्रश्न, ज्याला बहुतेक ठिकाणी गुळमुळीत उत्तर मिळतं: ‘पुढच्या सहा महिन्यांत माणूस तुमच्याकडे किती वेळा येणार, आणि ते पैसे यात धरलेत का?’

अंदाजपत्रक लेखी घ्या. २०२१ मध्ये सुधारलेल्या नर्सिंग होम नोंदणी नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. भिंतीवर ती नसली तर मोबाइलमध्ये भिंतीचाच फोटो काढून ठेवा, पुढे कामी येतो. पैसे शक्यतो रोख देऊ नका. दिले तर पावतीवर ‘व्यसनमुक्ती उपचार’ असं लिहून घ्या. नुसतं ‘सल्ला शुल्क’ लिहिलेली पावती ग्राहक आयोगात लंगडी पडते.

वडनेरहून कुठे

वडनेर नागपूर–हैदराबाद महामार्गावरचं गाव. वर हिंगणघाट, त्याच्या वर नागपूर. जाहिरातीतला दवाखाना मुंबईत, पुण्यात किंवा हैदराबादेत असतो, आणि ज्याची खरी गरज आहे ते जिल्ह्यातच आहे.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नय्यर यांनी उभं केलं. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलं गेलं. तिथे मनोविकारशास्त्राचा पूर्ण विभाग आहे. संस्था विश्वस्त मंडळाची असली तरी खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकार उचलतं, त्यामुळे दर खासगीसारखे नाहीत. आजूबाजूच्या गावांतल्या कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची आणि त्या बदल्यात उपचारात सवलत घ्यायची, अशी योजना डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकात याच रुग्णालयातून चालवली. गावकऱ्याच्या खिशाला हिशेबात धरायची तिथली सवय जुनी आहे. आपल्या गावासाठी किंवा कुटुंबासाठी आज कोणती विमा-वर्गणी चालू आहे, हे केसपेपरच्या खिडकीवरच विचारा.

वर्ध्यातच सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे, दत्ता मेघे अभिमत विद्यापीठाचं. तिथेही मनोविकार विभाग आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), मेयो, एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालय म्हटलं की घरचे बिचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात जाऊन केसपेपर काढला म्हणून कोणी कोणाला आत ठेवून घेत नाही.

सुरुवात त्याहूनही जवळ करता येते. गावातल्या सरकारी दवाखान्यातून हिंगणघाटचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय यांची चिठ्ठी घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. म्हणून रक्ताच्या तपासण्या आधी जिल्हा रुग्णालयात करून घेतल्या आणि ते कागद घेऊन पुढे गेलं तर एक खर्च वाचतो. सुई टोचून घेणाऱ्याची एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची तपासणी हमखास करून घ्या. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि हिपॅटायटिस सीचा उपचारही २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट होतो. हा आजार बाहेर स्वतःच्या खिशातून बरा करायला निघालात तर तो खर्च वेगळाच.

कुठे जायचं हे ठरत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत. अनुदानित पुनर्वसन केंद्रांची नावं तिथे मिळतात. अशा केंद्रांना सामाजिक न्याय मंत्रालयाचं अनुदान असतं. रुग्णाकडून पैसे मागितले तर कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे.

पुण्याच्या मुक्तांगणचं नाव विदर्भातही घरोघरी ठाऊक आहे. २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. अवचटांच्या ‘गर्द’वरच्या लेखनाने हादरलेले पु. ल. देशपांडे त्याच्या पाठीशी उभे राहिले. तिथला निवासी कार्यक्रम आठवड्यांचा आहे, दिवसांचा नाही, आणि तो टर्की संपल्यावरच्या कामासाठी आहे. वडनेरहून पुण्याला जाणं-येणं, नातेवाईकांच्या बैठका हे झेपत असेल तर जरूर विचार करा. झेपत नसेल तर सेवाग्रामला जाण्यात काही उणेपणा नाही.

गोळी जिभेखाली

देखरेखीखालची साधी पद्धत कशी चालते ते जवळून पाहिलं की भुलीचं आकर्षण आपोआप उतरतं. रुग्णाला सांगतात, शेवटच्या डोसनंतर इतके तास काही घेऊ नको. सकाळी तो येतो तेव्हा टर्की सुरू झालेली असायला हवी, आणि डॉक्टर ती तोंडी विचारून सोडत नाहीत. डोळ्यांच्या बाहुल्या पाहतात, नाडी मोजतात, बाही वर करून दंडावर काटा आलाय का ते बघतात, जांभया मोजतात. प्रत्येक लक्षणाला गुण आहेत. बेरीज पुरेशी झाली की ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात. ती गिळायची नाही, चघळायची नाही, वरून पाणी नाही, बोलणंही नाही. पाच-दहा मिनिटं नुसतं बसून राहायचं. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात खांदे सैल पडायला लागतात, नाक वाहायचं थांबतं. आदल्या रात्रभर तडफडलेला माणूस बाकावरच पेंगतो.

घाईने, म्हणजे आधीचा पदार्थ अंगात असतानाच ही गोळी घेतली तर उलटंच होतं, टर्की एकदम भडकते. म्हणून कोणाकडून तरी मिळालेली गोळी घरी घेऊन बघायची नसते. नॅलोक्सोन मिसळलेली ही गोळी गावातल्या मेडिकलवर मिळायला नकोच. तिचा पुरवठा रुग्णालयांना आणि व्यसनमुक्ती केंद्रांनाच करायचा असतो. ब्युप्रेनॉर्फिन आणि याच उपचारात वापरलं जाणारं मेथाडोन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत.

यावर घरोघरी एक आक्षेप हमखास येतो: एक नशा सोडवून दुसरी लावता का? मलाही सुरुवातीला हा प्रश्न पडला होता. पण मापात, ठरलेल्या वेळी, डॉक्टरच्या हिशेबाने घेतलेल्या गोळीने झिंग येत नाही. माणूस कामाला जातो, पुडीसाठी घरातलं भांडं विकत नाही. ही गोळी काही महिने, काहींना काही वर्षंही लागते. ती घाईने तोडायला लावणारे नातेवाईक हे व्यसन परत सुरू होण्याचं एक मोठं कारण आहे.

खरा खर्च रस्त्यावर होतो

आता हिशेब. रुग्णालयाचं बिल बाजूला ठेवा. समजा, सेवाग्रामला दहा दिवस भरती आहे आणि सोबत आई थांबली आहे. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, तीच धरू. दोघांची दहा दिवसांची बुडाली, म्हणजे ६,२४० रुपये. आईच्या चहा-जेवणाचे दिवसाला दीडशे धरले तर १,५०० रुपये.

पुढे खेपा. पहिले दोन महिने आठवड्याला एक, नंतरचे चार महिने पंधरवड्याला एक, त्यानंतर महिन्याला एक, असं धरलं तर वर्षात साधारण बावीस खेपा होतात. वडनेर–हिंगणघाट–वर्धा–सेवाग्राम असं एसटीने जाऊन येऊन एकाला अडीचशे लागले असं समजू. तुमचं खरं भाडं इथे घाला. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून आईचे सव्वाशे. एका खेपेला ३७५, बावीस खेपांना ८,२५०. दोघांची बावीस दिवसांची मजुरी १३,७२८. सगळी बेरीज २९,७१८ रुपये. आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे आणि धडधाकट असतील तर त्यांना सोबत धाडा, त्यांचं तिकीट पूर्ण माफ आहे आणि मजुरीही बुडत नाही. हिंगणघाटहून रेल्वेने थेट सेवाग्राम स्थानकावर उतरलं तर आणखी स्वस्त पडतं, फक्त गाडीची वेळ बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेशी जुळायला हवी.

म्हणजे गोळीचा एक पैसाही न धरता तीस हजार झाले. हा पैसा कोणत्याच दरपत्रकात नसतो, आणि उपचार मध्येच सुटतात ते याच पैशाअभावी. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात खेप चुकते, पुढच्या वेळी डॉक्टर रागावतील म्हणून तीही चुकते, आणि तिसऱ्या आठवड्यात पोरगा जुन्या मित्राबरोबर बसलेला असतो. कर्ज काढायचंच असेल तर या बावीस खेपांसाठी काढा, आणि ते एकदम उचलू नका, महिन्याला लागेल तेवढंच घ्या. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, ‘साहेब, दर आठवड्याला येणं जमणार नाही.’ त्यावर ते जवळच्या सरकारी रुग्णालयाशी सांगड घालून देऊ शकतात. न सांगता गायब झालेल्या रुग्णासाठी त्यांना काही करता येत नाही.

दुसरी वाट नाल्ट्रेक्सोनची. ही गोळी नशेची जागाच अडवून धरते, वर पुडी घेतली तरी चढत नाही. ती सुरू करण्याआधी साधारण आठवडा-दहा दिवस अफूवर्गातलं काहीही घेतलेलं नसावं लागतं आणि यकृताची तपासणी करावी लागते. रोज एक गोळी, तीही काही महिने. पाकिटावरची किंमत दिवसाच्या हिशेबाने काढा, तीसने गुणा, मग ‘महिन्याला झेपेल का’ ते ठरवा. जेनेरिक आणि ब्रँडच्या भावात मोठा फरक असतो. गोळी कोणी समोर उभं राहून देणार नसेल तर ही वाट धरू नका. घेतो म्हणून सांगून उंबऱ्याबाहेर थुंकणारे पुष्कळ असतात.

विदर्भातल्या वाचकांसाठी इथे एक वेगळी सूचना आहे, ती मुंबईच्या जाहिरातीत सापडणार नाही. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. दुखण्याचा झटका आला की त्यांना ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, कधी मॉर्फिनही द्यावं लागतं, आणि त्यातून काहींना सुईची सवय लागते. अशा रुग्णाला आधीच नाल्ट्रेक्सोन दिलेलं असेल तर झटक्याच्या वेळी वेदनाशामक इंजेक्शन लागू पडत नाही. घरात सिकलसेल असेल, निदान झालेलं असो वा नुसती शंका असो, ते पहिल्याच वाक्यात सांगा. उलट बाजूही तितकीच खरी आहे: वेदनेने कळवळून इंजेक्शन मागणारा प्रत्येक सिकलसेलग्रस्त व्यसनी नसतो, त्याला डिटॉक्सच्या पॅकेजमध्ये ढकलणं हा अन्याय आहे. आणि नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो ट्रकवर असो की बाइकवर, खिशात तशी चिठ्ठी ठेवावी. या महामार्गावर अपघात झाला तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ते कळायला हवं.

विमा, योजना, कायदा

खासगी आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नका. पॉलिसीतला एक्ससीएल-१२ हा अपवाद शोधा. दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम भरून मिळणार नाहीत, असं तिथे लिहिलेलं असतं. गंमत म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनातून होणाऱ्या विकारांना मानसिक आजारांत धरतो आणि मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्या असंही सांगतो. दोन्ही कागद खरे आहेत, आणि खिडकीवर तुम्हाला पहिलाच दाखवला जातो. आयुष्मान भारतच्या पॅकेज-यादीत व्यसनामुळे होणाऱ्या मानसिक विकारांचं शीर्षक आहे, पण ते प्रत्येक रुग्णालयाला लागू नसतं. भरतीच्या आधी, नंतर नाही, रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला कार्ड आणि रेशनकार्ड दाखवून विचारा. भुलीचं झटपट डिटॉक्स या योजनेत बसवून देतो असं कोणी म्हटलं तर ते लिहून मागा.

निवासी केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी पाहा. नोंदणी नसताना असं केंद्र चालवणं मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दंडनीय आहे. रुग्णाची तयारी नसताना भरती करायची तर त्यालाही कायद्याची पद्धत आहे: नामनिर्देशित व्यक्तीचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ), आणि पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीस दिवस. रात्री गाडी पाठवून चार पोरांनी उचलून नेणं यात कुठेच बसत नाही. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. ‘तीन महिने भेटायला येऊ नका’ म्हणणाऱ्या केंद्रात आपलं माणूस ठेवू नका, मग तिथली फी कितीही कमी असो.

पोलिसांची भीती दारूबंदीच्या जिल्ह्यात जरा जास्तच असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे, हे खरं. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. केसपेपरवर ‘पोटदुखी’ लिहायला लावू नका. तो कागद उद्या कोर्टात तुमच्याच बाजूने उभा राहणार असतो.

फसवणूक झालीच तर पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंद करा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

डिटॉक्स कोणत्याही पद्धतीने झालेला असो, घरी आल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे. अंगाची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस मोह झाला की जुनंच माप घेतो. ते माप आता जीवघेणं ठरतं. भुलीच्या पॅकेजमधून तिसऱ्या दिवशी घरी आलेला माणूस नेमका या अवस्थेत असतो, आणि त्याच्या घरच्यांना वाटत असतं की तो बरा झाला. तो हलवून उठत नसेल, श्वास अगदी संथ झाला असेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, घशातून घोरल्यासारखी घरघर येत असेल तर पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि काय घेतलं ते नाव घेऊन सांगा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस काही मिनिटांत उठून बसतो, पण त्याचा असर आधी उतरतो आणि आत गेलेला पदार्थ नंतरही टिकून राहू शकतो. म्हणून उठून ‘मी ठीक आहे, घरी चला’ म्हणाला तरी त्या रात्री त्याला रुग्णालयातच ठेवा.